शिरोरेघेला टांगलेला 'आड'

अक्षरांबद्दल वाचकांचे प्रश्न, बेळगावच्या एका जुन्या बोर्ड-पेंटरची उत्तरं

प्रश्न : काका, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. आम्ही सहा जणांनी मिळून २२ मिनिटांचा भयपट केलाय. नाव 'आड'. परसातला आड ३० वर्षांपूर्वी फरशी टाकून बंद केलेला असतो आणि त्या घरात नव्यानं आलेल्या सुनेला रात्री रहाटाचा आवाज ऐकू येतो, एवढीच गोष्ट. एडिटिंग करणाऱ्या मित्रानं नावासाठी रक्त गळणाऱ्या अक्षरांचा फॉन्ट घेतलाय. सगळ्यांना आवडला. मला मात्र तो बघून काहीच वाटत नाही. त्यात श्रेयनामावलीत 'दिग्दर्शक' हा शब्दच मोडून आलाय. पोस्टर खानापुरात आणि बेळगावात लावायचं आहे, म्हणून नाव कन्नडमध्येही हवं. कुठला फॉन्ट घेऊ? छपाईला ६ हजार रुपये आहेत. फिल्मची लिंक सोबत पाठवतेय.
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, म्हणून आधी तुमची फिल्म बघितली. दोनदा बघितली. दुसऱ्यांदा रात्री, घरातले झोपल्यावर. आड आहे पोरी, आणि त्यात पाणी आहे. ती सून फरशीला कान लावते तिथं मी खुर्चीत मागं सरकलो. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

रक्ताची अक्षरं बघून तुला काही वाटलं नाही, हे तुझ्या डोळ्यानं बरोबर सांगितलंय. तुमच्या फिल्ममध्ये रक्ताचा एक थेंब नाही. दोर आहे, दगड आहे, ओल आहे, आणि एक बाई आहे जी कुणाला सांगू शकत नाही. नावानं रक्त कबूल केलं की बघणारा २२ मिनिटं रक्ताची वाट बघत बसेल आणि रहाटाचा आवाज त्याच्या कानावरून निघून जाईल.

देवनागरीत त्या गळणाऱ्या थेंबांची आणखी एक अडचण आहे. इंग्रजी अक्षराच्या पायाशी बहुतेक मोकळी जागा असते, तिथं थेंब सोडला तरी अक्षर तेच राहतं. आपल्या अक्षराखाली वस्ती आहे. उकार तिथं राहतो, ऊकार, रकार, ऋकार सगळे तिथंच. मी तुमचं आताचं पोस्टर भिंतीला लावून दहा फुटांवर जाऊन उभा राहिलो. 'ड'च्या खालचा थेंब मला सरळ उकार दिसला. 'आडु' असं वाचलं मी. आपल्याकडे निम्मं गाव दोन्ही भाषा वाचतं, आणि कन्नडमध्ये आडु म्हणजे बकरी. थेंब सुटा ठेवला तर हिंदीतला नुक्ता होतो. काहीही केलं तरी नाव बदलतं. तेव्हा तो फॉन्ट काढून टाका. मित्राला वाईट वाटेल, त्याला माझं नाव सांग.

आता 'आड'कडे वळू. पत्र आलं त्या दिवशी पाऊस लागून होता. मी फॉन्टची यादी उघडली नाही. चपटा ब्रश घेतला आणि जुन्या वर्तमानपत्रांवर तुमचं नाव लिहीत बसलो. वीसेक वेळा लिहिलं असेल. लिहिता लिहिता ती दोन अक्षरं काय आहेत ते दिसायला लागलं. तूही लिही, म्हणजे कळेल.

'आ'ला दोन उभे दांडे आहेत. एक 'अ'चा स्वतःचा आणि एक काना. शेजारी शेजारी, सारख्या उंचीचे, डोक्यावर आडवी रेघ. आडावर रहाट बसवायला दोन खांब रोवतात आणि वर लाट, म्हणजे आडवं लाकूड, टाकतात, ते हुबेहूब हेच. पुढं 'ड'. 'ड'ला पूर्ण दांडा नसतो. शिरोरेघेपासून एक आखूड मान खाली येते, मग अक्षर डावीकडे वळतं, तिथून उजवीकडे पोट काढतं आणि खाली तोंड उघडं ठेवून थांबतं. जमिनीला टेकायला त्याला काही नाही. ते लोंबतं. दोराला पोहरा, तसा. आणि हा पोहरा दोन खांबांच्या मध्ये नाही, बाहेर आहे, जिथं आड नसायला हवा तिथं. मी ब्रश खाली ठेवला आणि बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिलो. तुमच्या गोष्टीतली भीती नेमकी हीच आहे. आवाज बंद आडातून येत नाही, माजघरातून येतो.

माझ्या आत्याचं घर जांबोटीच्या बाजूला होतं. तिच्या परसात आड होता. काठाला जांभा दगड, आणि त्या दगडात तीन खाचा. दोर घासून घासून पडलेल्या. बोट घातलं तर पहिलं पेर आत जायचं. आत गुळगुळीत, शेवाळ धरलेलं, उन्हाळ्यातही गार. मी सात-आठ वर्षांचा असेन. आत्या म्हणायची, "तिथं काय करूलालास? मागं सर." मला पाण्याची भीती नव्हती वाटत. ती खाच किती वेळा ओढल्यावर पडली असेल, कुणी कुणी ओढलं असेल, ते मनात यायचं आणि हात आपोआप मागं यायचा.

तुझ्या नावाला मी ती खाच देईन. अक्षर साधं, शांत, पुस्तकात असतं तसं. फक्त 'ड'च्या मानेच्या वर शिरोरेघ झिजलेली. वरच्या कडेला तीन उथळ खाचा, जवळजवळ, सारख्या न काढलेल्या. बाकी कुठं काही करायचं नाही. तडे नाहीत, धूर नाही, कोळ्याची जाळी नाही.

मग फॉन्ट कुठला? मला टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट तुमच्या कामाचा वाटतो. पुस्तकी वळणाचा आहे, अक्षरांच्या आतल्या पोकळ्या मोकळ्या आहेत, 'ड'ची मान नीट दिसते. त्यात पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' आपले आहेत. पुष्कळ फॉन्टांत ते हिंदी वळणाचे येतात आणि 'लेखन', 'कला', 'प्रकाश' हे शब्द श्रेयनामावलीत परक्यासारखे उभे राहतात. याची जाडी मात्र एकच मिळते, त्याबद्दल खाली सांगतो.

बाकीचेही लावून बघितले. रोझा वन देखणा आहे, पण त्याच्या जाड रेघा फार जाड आणि बारीक रेघा केसाएवढ्या; काळ्यावर पांढरा छापला की केस जातात आणि अक्षराचे तुकडे उरतात. मोदक इतका गुबगुबीत की 'आ'च्या दोन खांबांमधली जागा बुजते, आणि तो लहान मुलांच्या गमतीच्या पुस्तकाला शोभतो. खंड बातमीचा मथळा वाटतो. यात्रा वन मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलाय. लोंढ्याच्या स्टेशनावर घडणारी भुताची गोष्ट असती तर मी दुसरा विचार केला नसता. जैनी तुला मोहात पाडेल. १५०३ सालच्या कल्पसूत्राच्या हस्तलिखितावरून बेतलेला आहे तो, लेखणीचं वळण फार सुंदर. पण त्यात पोथीची पवित्रता आहे. तुमची सून पोथी वाचत नाही, भांडी घासते.

एक गोष्ट मनात ठेव. अक्षर जन्मतः भुताचं नसतं. एड बेंगॅट या अमेरिकन अक्षरकारानं १९७७च्या सुमारास स्वतःच्याच नावाचा एक इंग्रजी अक्षरसंच काढला. वळणं जुन्या आर्ट नूव्हो शैलीची, गोल, सजावटीची. पुढं तो भयकथांच्या पुस्तकांवर इतका दिसला की लोकांना त्या अक्षरांतच भीती दिसायला लागली, आणि २०१६च्या 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेनं नावाला तेच वळण घेतलं. भीती वाचणाऱ्याच्या आठवणीतून अक्षरात येते. बेंगॅटच्या मागं अमेरिकेतल्या वाचकाची आठवण आहे. खानापूरच्या माणसाची आठवण आडाच्या काठावरच्या खाचेत आहे, म्हणून मी तिथं जोर देतोय.

इंग्रजी पोस्टरांवरून एक चाल मात्र उचलू नका. तिकडे मोठी अक्षरं लांबलांब पसरवून लावतात, थंडगार दिसतात. तुमच्या मित्रानंही 'आ' आणि 'ड'मध्ये अंतर टाकलंय. त्यानं काय झालं बघ : शिरोरेघ मध्येच तुटली. दोन अक्षरं दोन गावची झाली. अंतर हवंच असेल तर टाका, पण मग अक्षरांची बाह्यरेषा करून, म्हणजे टाइप केलेल्या मजकुराचा आकार करून, शिरोरेघ हातानं ओढून जोडा. मी तर म्हणेन, ती शब्दापुरती ठेवूच नका. पोस्टरच्या डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत एकच सलग रेघ जाऊ दे, वरून एक-तृतीयांशावर. तिच्या खाली 'आड' लटकलेला, आणि त्याच्या खाली पोस्टरच्या तळापर्यंत काळोख. तो काळोख म्हणजे आड. तिथं बाईचा चेहरा घालायचा आग्रह कुणी धरला तर ऐकू नकोस.

पडद्यावर हीच रेघ तुला आणखी कामाला येईल. १९७९च्या 'एलियन' या इंग्रजी चित्रपटात नाव कसं येतं ते बघ. काळ्या अवकाशावर आधी नुसत्या कांड्या दिसतात, सुट्या, दूरदूर, आणि हळूहळू त्यांची अक्षरं होतात. वाचता येण्याआधी काहीतरी येतंय एवढंच कळतं. देवनागरीला ही सोय जन्मजात आहे. आपण शाळेत अक्षर आधी काढतो आणि शिरोरेघ शेवटी देतो. मोडी लिहिणारे उलट करायचे : आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिला अक्षरं लटकवत जायचं. तुम्ही मोडीवाल्यांसारखं करा. काळ्या पडद्यावर आधी नुसती रेघ, डावीकडून उजवीकडे. ती पुरी झाली की दोन सेकंद काही नाही. मग 'आ'. मग रहाट एकदा कुरकुरतो आणि 'ड' खाली येतो, जिथं थांबायला हवा त्याच्या थोडा खाली जातो, आणि कुणीतरी ओढल्यासारखा वर येऊन रेघेला लागतो. त्यानंतर माणसाला दोनदा वाचता येईल इतका वेळ हलवू नका.

कन्नडबद्दल तू विचारलंस ते बरं केलंस. पुष्कळजण शेवटच्या दिवशी कुठल्याही फॉन्टमध्ये कन्नड नाव कोपऱ्यात ढकलतात, आणि वाचणाऱ्याला ते ढकललेलं कळतं. 'आड' हा उच्चार कन्नडमध्ये उतरवून उपयोग नाही, बकरीची गोष्ट वर सांगितलीच. 'बावि' लिहा. आडाला कन्नडमध्ये बावि म्हणतात, आणि मराठीतही 'बाव' आहेच, दोन्हीकडच्यांना एकाच जागी नेणारा शब्द आहे तो. फॉन्ट टिरो कन्नड घ्या, त्याच घराण्यातला.

पण शिरोरेघेची युक्ती तिथं चालणार नाही. कन्नडला सलग शिरोरेघ नाही. अक्षराच्या डोक्यावर सुटा तलेकट्टु, म्हणजे छोटी शेंडीसारखी खूण, असतो, तोही 'ब'ला नसतोच. खाचा पाडायला जागा नाही. मग मी 'बावि' लिहून बघितलं. कन्नड 'वि'च्या डोक्यावर इकाराचं एक बंद वेटोळं असतं, त्याला गुडिसु म्हणतात. वरून बघितलेलं आडाचं तोंड! तेवढ्या वेटोळ्याची पोकळी पार काळी ठेवा, पोस्टरच्या काळ्याहूनही एक छटा गडद, आणि बाकी अक्षराला हात लावू नका. मराठीत दोर, कन्नडमध्ये तोंड. माझ्या ओळखीत कन्नड बोर्ड लिहिणारे एक अण्णा आहेत, त्यांना कागद दाखवला. त्यांनी वेटोळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इदु साकु." एवढं पुरे.

'दिग्दर्शक' का मोडला ते आता. सॉफ्टवेअरला देवनागरीची जुळणी कळत नाही तेव्हा 'दि'ची वेलांटी 'द'च्या पुढं जाऊन बसते आणि 'र्श'चा रफार उतरून 'र' पाय मोडून उभा राहतो. फॉन्टचा दोष नाही तो. इलस्ट्रेटर, प्रीमियर, जुनं फोटोशॉप यांच्या सेटिंगमध्ये अक्षरजुळणीचा पर्याय असतो, त्यात 'वर्ल्ड-रेडी' किंवा 'साउथ एशियन' लिहिलेलं निवडा आणि मजकूर नव्यानं टाका. तरी नाही जमलं तर श्रेयनामावली इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये करा आणि पारदर्शक चित्र म्हणून फिल्मवर बसवा. छापायला देताना मात्र फाइलमधली सगळी अक्षरं बाह्यरेषांत बदलूनच द्या. आपल्याकडच्या पुष्कळ डीटीपी दुकानांत अजून युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना सारख्या कळणाऱ्या अक्षरसंकेताच्या, आधीचे फॉन्ट चालतात. तुमचा मजकूर त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडला की काय होईल सांगता येत नाही.

पैशाचं म्हणशील तर मी वर नावानिशी सांगितलेले सगळे देवनागरी-कन्नड फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. फिल्मला, पोस्टरला, तिकीट लावून दाखवलंत तरी, एक पैसा द्यावा लागत नाही. तो रक्ताचा फॉन्ट 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' होता, त्याच्या सोबतच्या फाइलमध्ये लिहिलंय. फुकट उतरवता आला म्हणजे वापरता येतो असं नाही.

छपाईबद्दल माझा एक घाव आहे, तो सांगतोच. १९८७ साली एका गावच्या जत्रेतल्या नाटकाचं पोस्टर मी केलं होतं. काळी जमीन, त्यावर पांढरी, नाजूक, केसासारखी अक्षरं. कागदावर इतकी सुरेख दिसत होती की मी ती रात्रभर उशाशी ठेवली. एका लहान छापखान्यात छापली. काळी शाई चारी बाजूंनी अक्षरात शिरली आणि बारीक रेघा गिळून गेली. नाटक मंडळीतला एक म्हातारा नट स्टँडवर पोस्टरपुढं उभा राहून मला विचारत होता, "नाव कुठं आहे रे ह्याच्यात?" त्यांनी त्या पोस्टरसाठी वर्गणी काढली होती. त्या माणसाचा चेहरा मला आजही दिसतो.

म्हणून टिरोला बाहेरून बारीक कड देऊन थोडा जाड करा, पोस्टरवर सगळ्यात बारीक रेघ मिलिमीटरभर तरी भरली पाहिजे. खाचाही तेवढ्याच मोठ्या. चार रंगांत छापणार असाल तर काळ्याखाली थोडा निळा-लाल घालायला सांगा, नाहीतर काळा राखाडी दिसतो. पण श्रेयनामावलीतली बारीक अक्षरं एकट्या काळ्या रंगाच्या पट्टीवर घ्या. रंगांचे ठसे एक केसभर सरकले तरी लहान अक्षराला रंगीत सावली लागते. अक्षर लाल नको. काळ्यावर लाल रात्रीच्या उजेडात बुडतो. ओलसर चुन्याचा पांढरा घे, जुन्या भिंतीचा.

आकार २० बाय ३० इंच ठेव. बोर्डाच्या धंद्यात आम्ही दर दहा फुटांना एक इंच उंची धरतो. बसमधून उतरणाऱ्याला तीस फुटांवरून वाचता यायला हवं, म्हणजे अक्षर तीन इंचांच्या खाली जाता कामा नये. फ्लेक्सचा मोह नको, तो चकाकतो. ६ हजारांत मॅट कागदावर थोड्याच प्रती काढ आणि पावसाच्या वळचणीला लाव. आधी एक प्रत घरच्या भिंतीला लावून संध्याकाळी दिवा न लावता बघ.

प्रश्न : आम्ही निपाणीत वाड्यातल्या भुताची एकांकिका बसवतोय. नाव मोडीत लिहिलं तर जुनं आणि भीतिदायक दिसेल असं सगळे म्हणतात. कॉम्प्युटरवर मोडी मिळते का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : मिळते. युनिकोडमध्ये मोडी २०१४ साली आली, आणि नोटो सान्स मोडी हा फॉन्ट फुकट आहे. पण तो सरळ, स्वच्छ फॉन्ट आहे, बोरूची ओढ त्यात नाही. हातानंच लिहून घ्या. आपल्या भागात जुने दस्त वाचून देणारे मोडीचे जाणकार अजून आहेत, त्यांच्यापैकी कुणाकडे जा.

नाव मात्र मोडीत नको. तुमच्या प्रेक्षकांतल्या शंभरातल्या किती जणांना ते वाचता येईल? न वाचता येणारं नाव म्हणजे नक्षी. आणि मोडीला भुताचं रूप देणं मला पटत नाही. आमच्या आजोबांच्या जमिनीचे कागद मोडीत आहेत, आजीच्या हातचा दूधवाल्याचा हिशोब मोडीत आहे. रोजच्या व्यवहाराची लिपी ती. नाटकात वाड्याचा वाद असेल तर पोस्टरच्या जमिनीवर एक खराखुरा दस्तासारखा कागद असू दे, मोडीत, नीट वाचून घेतलेला, खोटी वळवळ नको. त्यावर नाव देवनागरीत, ठसठशीत. आणि त्या दस्तात एका ओळीत एकाच माणसाचं नाव खोडलेलं असू दे. ज्याला मोडी येते तो थांबेल, पुढं वाकेल आणि खोडलेलं वाचायला बघेल.